कारणाचा रकाना

दिवसभर वजनं लिहून नर्सबाईंचा हात आखडला होता. कान मात्र बाकावरच्या दोघी बहिणींकडे होते.

"ताई, डॉक्टरांनी लिहायला सांगितलेली खाण्याची वही वाच बघू."

"चार वाजता बिस्किटांचा अख्खा पुडा."

"भूक लागली होती?"

"छे गं, पोट तुडुंब होतं."

"मग कारणाचा रकाना रोज कोरा का?"

"चारला आईचं अंग पुसून, कपडे बदलून तिच्यापुढे पुडा धरते. ती म्हणते, 'बाई, तुम्ही कोण? दमलेल्या दिसता. आधी तुम्ही खा.'"

"मग एखादं खा. पुडा कशाला संपवायचा?"

"मी खात असते तोवर ती म्हणते, 'अजून एक घे गं बाळा.' थांबले, की पुन्हा 'बाई, तुम्ही कोण?'"