जीपमधली सहावी जागा

संयोगिता: नको गं रूपाली, ते नुसतं झेब्रे-जिराफवालं नको दाखवूस. सिंह पायजे. आगदी जीपला घासून जाणारा.

रूपाली: मग बोट्स्वानाच घ्या काकू. आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातनं सगळे तिकडंच मागतात. आख्खी जीप तुमची, सहा जणांची. तंबू म्हणायचं फक्त. आत पितळी बाथटब, बाहेर छोटा स्विमिंग पूल. हत्ती येऊन त्यातलंच पाणी पितात.

पृथ्वीराज: आयला! दादा तर येडाच हुईल. जेवताना बी टीव्हीवर सिंहच लावून बसतोय त्यो.

संयोगिता: म्हणूनच तर आफ्रिका. न्हायतर मी काशीला गेले नसते व्हय?

पृथ्वीराज: म्हंजे माझ्या भावासाठी ठरवलंस हे? बघ रूपाली, किती मोठं मन हाय तुझ्या काकूचं.

संयोगिता: त्यांच्यासाठीच. पण त्यांना न्यायचं न्हाय. घरात बसून फोटो बघायचं त्यांनी. एकेक सिंह मी स्वतः धाडणार हाय, सकाळ-संध्याकाळ.

पृथ्वीराज: अगं, थोरला भाऊ हाय माझा! त्याला वगळलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का?

संयोगिता: आपल्या पूर्णीच्या लग्नात मला राहिली हुती? माइकवर फेट्याच्या मानाला दादांचं नाव व्याह्यांच्या मामाच्या मागनं पुकारलं, एवढंच निमित्त. भरल्या पंगतीतनं ताट ढकलून उठला बाबा! त्याच्या मागनं निम्मी भावकी उठली. वाढपी जिलेबी घेऊन नुसतं उभं. व्याही माझ्याकडं बघाय लागलं आन् मला मेल्याहून मेल्यागत झालं.

रूपाली: काकू, पाणी घ्या जरा.

संयोगिता: पाणी ऱ्हाऊ दे. तू जीपचं सांग.

रूपाली: जीप चारी बाजूंनी उघडी असते. नियम एकच कडक आहे, सिंह जवळ असताना कुणी उठून उभं राहायचं नाही.

संयोगिता: ऐकलासा? उठणाऱ्याचं तिथं काम न्हाय. त्या दिवशी जी माणसं बसून जेवली, तीच नेणार हाय मी.

पृथ्वीराज: मग आक्का? त्याची बायको हाय ती.

संयोगिता: आक्का येत्यात की! नवरा तणतणत गेला तरी ताक-भात खाऊनच उठल्या त्या. मला म्हणाल्या, "विमानात खिडकी मला दे."

पृथ्वीराज: नवऱ्याला सोडून? लई झालं हे. सूड उगवतीयास तू!

संयोगिता: व्हय, उगवतीया. वरीस झालं, घास गिळताना त्यो मांडव आठवतोय मला.

पृथ्वीराज: बरं, बरं. रूपाली, सहा जागा न्हवं? ही, आक्का, पूर्णी, जावईबापू आन् मी. पाच झाली. एक उरतीयाच. टाक दादाचं नाव. हिचं मी बघतो.

रूपाली: काका... पाचव्या तुमच्या शेजारच्या शालूबाई आहेत. तुमचं नाव काकूंनी दिलेलंच नाही.

(पृथ्वीराज खुर्ची बायकोकडं वळवतो. ती भिंतीवरच्या हत्तीच्या फोटोवरची नजर काढत नाही.)

पृथ्वीराज: माझं? अगं, मी त्याला माघारी आणाय उठलो हुतो!

संयोगिता: आणलासा?

पृथ्वीराज: त्यो ऐकंना. गाडीत बसला, मला म्हणाला बस. आता थोरल्यानं सांगितल्यावर...

संयोगिता: बसलासा. लेकीच्या लग्नातनं बाप निघून गेला. पाठवणीला पूर्णी माझ्या गळ्यात पडली, पण डोळं फाटकाकडं. "पप्पा आलं का गं?" एवढंच इचारत हुती. मी म्हणाले, येतील. खोटं बोलाय लावलासा मला लेकीसंगं. दादांवरचा राग माझा फोटो धाडून भागंल. तुमच्यावरचा कशानं भागायचा?

पृथ्वीराज: मग वरीसभर बोलली का न्हाईस?

संयोगिता: तुम्ही कवा इचारताय, वाट बघत हुते.

रूपाली: काकू, मग ती सहावी जागा दुसऱ्या कुणाला देऊ का?

संयोगिता: नको. पूर्णीच्या शेजारची हाय न्हवं ती? मोकळीच ऱ्हाऊ दे. त्या दिवशी बी मोकळीच हुती.