खाणीतलं घर

नव्या पेठेतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी शेळ्या राखणाऱ्या दोघी बोलत होत्या.

"गोजाक्का, त्या कचरा टाकायच्या जुन्या दगडाच्या खाणीत कुनी घर बांधलं म्हनं?"

"व्हय की! घरं आखून देनारा इंजनेर हाय. खाण साफ करून आत सोताचंच घर बांधलं. माळवद आलं रस्त्याच्या बरोबरीला."

"मग तुज्या शेळ्या?"

"रोजच्यावानी तितंच गेल्या, माळवदावर बसल्या. सायेब वरडला, 'बाई, माझ्या घरावरून शेळ्या काढा!' मी म्हनलं, 'शेळ्या आदीपासनं हितंच हायत. तुमीच त्यांच्याखाली घर घातलंया.'"

"अगं बया!"

"बायकू तर लईच रुसलेली. खड्ड्यात ऱ्हानार न्हाय म्हनून बार्शीला, म्हायेरी निघालेली. सायेब तिला नकाशा दावत व्हता, वर मजला चढवतो म्हनून. तवर माज्या चंद्रीनं झरोक्यातनं मुंडकं घातलं आन् नकाशाच खाल्ला!"

"आन् बाई?"

"हसून हसून ट्रंकंवरच बसली. मला खाली बोलावून चा दिला. सायेबाला म्हनली, 'मजला नको, वर गवत लावा.'"

"लावलं?"

"लावलं की."

"शेळ्यांसाठी?"

"न्हाय गं. सायेब समद्यांना सांगतो, घर गार ऱ्हावं म्हनून."