फ्रँकची कॅसेट

न ऐकता कुणाला 'खूप छान' म्हणू नका यार. मी म्हणालो होतो.

अमेरिकेत एडिसनला असताना ऑफिसातला फ्रँक आणि मी एकाच गाडीने जायचो. तो रिटायरमेंटला आलेला, तरुणपणी सॅक्सोफोन वाजवायचा. एकदा त्याने कॅसेट दिली. "माझा जॅझ आणि माझा मित्र पाउलो याची ब्राझीलची गिटार. तेव्हा हे दोन्ही एकत्र कोणी वाजवत नव्हतं, लोक हसायचे. ऐक आणि सांग."

मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. आठवड्याने त्याने विचारलं, "कशी वाटली?"

"खूप छान!"

तो नुसता हसला.

पुढे गणपती आले. मंडळात मुलीला अथर्वशीर्ष म्हणायचं होतं. बायकोने ड्रॉवरमधली हाताला लागली ती कॅसेट घेऊन तिची प्रॅक्टिस रेकॉर्ड केली. पोरगी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

रिटायर होताना फ्रँक म्हणाला, "पाउलो गेला. कॅसेट त्याच्या मुलीला द्यायचीय. दुसरी कॉपी नाही."

गाडीत मी सगळं सांगितलं आणि कॅसेट लावली. फ्रँकने माझ्या मुलीचं अथर्वशीर्ष ऐकलं, सगळ्या चुकांसकट. ते थांबलं आणि एकदम गिटार आली. तिच्यामागून अलगद सॅक्सोफोन. जेमतेम अर्धं मिनिट. मग कॅसेटच संपली.

"कशी वाटली?" फ्रँकने विचारलं.

"खूप छान," मी कसाबसा म्हणालो.

"हं," तो म्हणाला, "आज ऐकलीस."