लाल गाडीच्या मागे

नाय रे, आरशाचं सोड. सैल झालाय ते मला ठाऊक आहे — पाऊस गेल्यापासून सैल आहे, बघायला जावं तर मान टाकतो. टाकू दे. मागचं बघून मला काय करायचंय, सॅन्टन? मला पुढचं बघायचंय. रविवारची दुपार मोडून तुझ्या गॅरेजात आलोय तो टर्बो बसवायला, आरसा बसवायला नाय. दोन आलेत म्हणालास ना — दाखव दोन्ही. उचल ते फडकं. आणि बॉनेट उघडलंयस तर आधीच सांगून ठेवतो, इंजिनावरचं ते पिवळं पुसू नको. हळद आहे ती. तुला माहीत नाय आमच्या घरचं? माझ्या बापानं वाडीतल्या विहिरीवर पहिलं इंजिन बसवलं, दसऱ्याला हौसेनं त्याला झेंडूचा हार घातला, आणि चालू केल्याबरोबर हार गेला पट्ट्यात — पट्टा तुटला तो बापाच्या कानाजवळून गेला. तेव्हापासून आमच्याकडे यंत्राला हार नाय. गोडेतेलात हळद कालवायची आणि तीन बोटं ओढायची, तीही आत, यंत्राच्या अंगाला — लोकांना दाखवायला वरती नाय. आख्ख्या वसईत असं दुसऱ्या कोणाकडे करत नाहीत, विचार हवं तर. यंदाची जरा वेडीवाकडी आलीत. यंदा मी ओढली ना. दरवर्षी काय मी ओढतो? — ते जाऊ दे, टर्बो दाखव.

हा थोरला कुठनं उचललास, दारूखान्याच्या भंगारातनं? दिसतंयच. फणसाएवढा आहे की रे — डिझेलचा असणार, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या बोटीवरचा. हा आधी झोपा काढणार, काढणार, आणि मग एकदम मागनं लाथ घालणार, बरोबर? आणि हा धाकटा जपानी. वा. हातात मावतो. हा पाय ठेवल्या ठेवल्या उठेल, पण गाडी जोरात गेली की वरती धापा टाकेल. बघतोस काय, कळतं मला. ठाण्याच्या आमच्या कंपनीत इंजिनियर पोरं आहेत, जेवणाच्या सुट्टीत त्यांचं डोकं खातो मी. इंजिनाच्या धुरानं पंखा फिरायचा, पंख्यानं हवा आत कोंबायची, जास्त हवा तर जास्त दम — आहे काय त्यात? आणि गाडी थांबली की लगेच चावी फिरवायची नाय, जरा वेळ चालू ठेवायची, तेल फिरू द्यायचं, नायतर टर्बो तापून बसतो. तूच सांगितलंस मागे. आता तिथंच आमचं अडणार — घोडबंदरचा पूल अर्धा ओलांडला की माझा हात आपोआप चावीकडे जातो. इंजिन बंद, गाडी उताराला सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं. हसू नको, तुझा बापही फटफटी तशीच उतरवायचा. मोडीन मी ती सवय. या वर्षात कितीतरी सवयी मोडल्या माझ्या, त्यात अजून एक.

कशाला हवाय म्हणजे? गिऱ्हाईकाला असं विचारतात? अरे, रोजचं जाणं-येणं आहे. चांगली पळते गाडी, कबूल, तूच हेड घासून दिलंस, रुंद टायर चढवलेस, आमच्या कंपनीच्या आवारात दुसऱ्या कोणाच्या एवढ्याशा गाडीला असा उठाव नाय. पण तो हायवे बघ ना आता. रेतीचे ट्रक, विटांचे ट्रक, आणि वर ते पाण्याचे टँकर — आपल्याच विहिरींचं पाणी आपल्याच नाकासमोरनं ओतत-सांडत चाललेलं असतं आणि त्यांच्या मागनं आपण वायपर लावून जायचं. माझा चुलतभाऊ विकतो पाणी, त्याला काय बोलू? टँकरला ओव्हरटेक करायचं तर उठाव नको? चिंचोटी फाट्याला भिवंडीकडनं ट्रक घुसतात, तिथनं पुलापर्यंत जी काय मोकळी जागा मिळेल ती मिळेल. पुलाच्या पलीकडे मी डावीकडे ठाण्याला वळतो आणि ती सरळ मुंबईला — ती म्हणजे गाड्या. बाकीच्या गाड्या. म्हणून म्हणतो, मला जे काय करायचंय ते चिंचोटी ते पूल. तेवढ्यात दम देणारा सांग.

असा बघू नको, सॅन्टन. तेवढ्या रस्त्यात कोणाला गाठायचंय असं तुझ्या तोंडावर लिहिलंय. बरं, सांगतो. एक लाल गाडी आहे. माझ्यासारखीच, पण लाल. पावसाळ्याच्या आधीपासनं रोज सकाळी चिंचोटीच्या पुढे मागनं यायची, शिट्टी घातल्यासारखा आवाज यायचा आधी — टर्बोचाच आवाज तो, मी काय बहिरा नाय — आणि अशी माझ्या उजव्या अंगानं निघून जायची, जसा काय मी बैलगाडी हाकतोय. आणि जाताना हॉर्न. पीं-पीं. दोनदा. सरळ जायचं ना बाबा, गेलास तर गेलास, हॉर्न कशाला? वेडावून दाखवायला? मी पाय दाबायचो, जूचंद्रच्या फाट्यापर्यंत मागचा दिवा दिसायचा, पुढे टँकर आडवा. रोजचं. कंपनीत पोचेपर्यंत डोकं भणभणायचं. कोण होता विचारू नको, तुला माहितीय. त्याला टर्बो बसवला कोणी? जपानच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या भावानं आणला, आणि बसवला कोणी? वसईत दुसरा कोण बसवणार? मी तुला कधी बोललो त्यावरनं? नाय बोललो. धंदा आहे तुझा. तुझ्याच चर्चमधला पोरगा, तू नाय कसं म्हणणार.

आता तोंड पाडू नको, तुझ्या धर्माला काय बोलत नाय मी. आपण एका बाकावर शिकलोय, नाताळला तुझ्या घरी पहिलं ताट माझं असतं. मी त्या रॉबर्टला तो ख्रिश्चन आहे म्हणून — बरं, म्हणून पण. खोटं कशाला बोलू? पण ते नंतर. आधी हे, की मला विचारलं नाय. माझी यशू, सॅन्टन. एकुलती एक. कंपनीच्या गेटवर फोन आला, वॉचमन पळत आला, मला वाटलं घरी कोणाचं काय झालं — तर ही पलीकडनं म्हणते, बाबा, आम्ही कोर्टात लग्न केलं, तुळिंजला खोली घेतलीय, तुम्ही रागावू नका. वॉचमन समोर उभा. मी काय म्हणणार? म्हटलं, बरं. फोन ठेवला. तो विचारतो, साहेब, काय झालं, मी म्हटलं, काय नाय, गॅस आला घरी. गॅस! मला विचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं, शंभर टक्के नाय म्हटलं असतं, आठवडाभर जेवलो नसतो — पण तो माझा हक्क होता की नाय? बापाला निदान नाय म्हणायला तरी मिळायला हवं. नाय म्हणायचं, रडारड व्हायची, मग तिच्या आईनं, नर्मदेनं मध्ये पडायचं, मग मी हो म्हणायचं — असं असतं ना घरात? तिनं आधीच ठरवून टाकलं की बाप हो म्हणणारच नाय. बावीस वर्षं बापाला बघून एवढंच कळलं तिला.

म्हणून मी नाय गेलो तुळिंजला. का जाऊ? आणि तीही नाय आली. नर्मदा जाते, मला कळू न देता. मी कळलं नाय असं दाखवतो, ती मला कळलंय हे कळलं नाय असं दाखवते, असा आमचा संसार चाललाय. परवा कपाटात हिरवा खण दिसला, नवा कोरा. म्हटलं, हा कोणाला? तर म्हणे, हंसाच्या सुनेला. माझी बहीण हंसा, तिची सून माहेरी जाऊन बसलीय भांडून, तिला कसला खण देतेस? तर म्हणे, तुम्हाला बायकांच्यातलं काय कळतं. घरात मला कोण काय सांगत नाय आता. सकाळी त्या गाडीतनं काचेआडनं अर्धा चेहरा दिसायचा, डावीकडच्या सीटवर, माझ्याच बाजूला — तेवढीच माझी लेक. हॉर्न तीच वाजवायची. हो, माहितीय मला. तो चालवायचा आणि ही हात लांब करून वाजवायची. लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहायची आणि फाटक आलं की दोनदा दाबायची — पीं-पीं, आई दार उघड, बाबा आले. तर वेडावायला नव्हता तो हॉर्न. तुला वाटलं तसं नाय ते. म्हणजे मीच म्हटलं मघाशी, पण तसं नाय.

आणि आता तेही नाय. दिवाळीनंतर कधीतरी बंदच झालं. दिसतच नाय लाल गाडी. म्हटलं, लवकर निघत असतील — मीही लवकर निघायला लागलो. तरी नाय. अजून लवकर. नर्मदा उठायच्या आधी चहा न घेता निघतो, चिंचोटीपासनं गाडी अशी हाणतो की बाजूचे ट्रकवाले शिव्या घालतात. पुढे लाल काय दिसलं की ऊर फुटेस्तोवर पळवतो, जवळ जावं तर कुठलातरी टेम्पो. म्हणजे काय, त्यानं अजून मोठा टर्बो लावला असणार, दुसरं काय? मी पोचायच्या आधी पूल ओलांडून जात असणार. म्हणून आलोय मी. मला त्याला हरवायचं नाय रे. पुढे जाऊन काय करू, पुढे टँकरच आहेत. मला फक्त एकदा त्या गाडीच्या बाजूला यायचंय. चिंचोटी ते पूल, दोन्ही गाड्या बरोबरीनं, तेवढंच. मग तिनं काच खाली केली तर केली. थोरला नको मग, थोरला जागा होईस्तोवर पूल संपेल. हा धाकटा घाल. लगेच उठणारा.

आण इकडे, उजेडात बघू दे. एवढा काजळलाय, वापरलेला दिसतो — असू दे, जपानी माल आहे. ही थंड बाजू ना, हवा जाते ती? गुळगुळीत आहे. हे काय लागलंय इथं? पिवळं. रंग आहे की — सॅन्टन, जपानात हळद लावतात? तीन बोटं आहेत ही. आणि झुकलीत बघ कशी, उलट्या अंगाला. उजव्या हातानं ओढली तर अशी येत नाहीत. यशू डावखुरी आहे. नर्मदा लहानपणी हातावर मारायची तिच्या, हळद तरी उजव्या हातानं लाव म्हणून, आणि मी म्हणायचो, लावू दे गं, यंत्राला काय कळतं उजवं-डावं.

दसऱ्याला लावलीय तिनं. त्याच्या गाडीला.

हा त्याचा टर्बो आहे. तू बसवलास आणि तूच काढलास. बोल ना आता, मघापासनं गप्प का होतास? त्यानंच आणून दिला? का? विकायला काढला? — काय म्हणाला, आता हळू चालवायचीय? त्याला? का, काय झालं, गाडी ठोकली का कुठे? यशूला लागलं — नाय? मग? डॉक्टरनं धक्के बसू देऊ नका म्हणून सांगितलं? कुठल्या डॉक्टर—

अच्छा.

हंसाच्या सुनेला म्हणे. हिरवा खण. बायकांच्यातलं.

आणि गाडी रोज जाते त्याच रस्त्यानं? तू बघितलीस? म्हणजे दिवाळीपासनं मी अंधारात निघतोय, चहा सोडून, पुढच्या एकेका लाल टेम्पोच्या मागं जीव काढतोय — आणि ती माझ्या मागनं येतायत. खड्डे चुकवत, सावकाश. मी जेवढा पळवतो तेवढी ती मागं पडतात, आणि मी टर्बो घ्यायला आलोय. तू बसवून दिला असतास रे? तसाच? नाय, तू नसता दिलास. म्हणून मी आल्याबरोबर तू आरशाचं काढलंस.

झाक ते दोन्ही. धाकटा कोणाला विकू नको, आणि ती हळद पुसू नको, असाच ठेव फडक्यात. पैसे लागतील ते सांग. कळलं, कळलं, नाय रडत मी, तुझ्या गॅरेजात धूर केवढा आहे. उद्या चहा पिऊन निघेन. बॉनेट लाव. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहू नको, पान्हा घे आणि तो आरसा घट्ट कर.