मामांजींचं पाखरू

मी मोहोळाकडची. माहेरी विहीर, केळी, दारात सावली, आन दिली ती सोलापूरच्या वरच्या अंगाला, ह्या उघड्या रानात, जिकडं बघंल तिकडं नुसतं कुसळी गवत. काय सांगू तुमाला, पयल्या वर्सी रडायलासुदिक आडोसा न्हवता. मग मामांजींमागं मेंढरं घेऊन हिंडाय लागले, मामांजी म्हंजी माझे सासरे, आन त्यांनीच मला ते पाखरू दावलं. कमरेएवढं उंच, पांढरी मान, डोस्क्यावर काळी टोपी, चालायचं कसं, तर लग्नात रुसलेल्या मानकऱ्यावानी. वर्साला एकच अंडं, तेबी गवतात, उघड्यावर. मामांजी मेंढरं लांबनं वळवायचे, म्हणायचे बाळंतिणीची खोली हाय ती.

आता पाखराचं नाव मला घेता येत न्हाय. सासऱ्याचं नाव आन त्याचं नाव सुरवातीला एकच, आन सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय. म्हणून मी म्हणायची मामांजींचं पाखरू. घरात समद्यास्नी कळायचं की.

सत्तरच्या पुढची सालं. सरकारनं ठरवलं, ह्या पाखरासाठी अभयारण्य करायचं. आधी बोर्ड आला, मग कमान आली, मग मंत्री येणार म्हणून रानात गालिचा आला, त्यालाबी कुसळं लागली. मंत्र्यास्नी पाखरू दावायचं म्हणून साहेब जीप घेऊन आमच्या दारात, बाई, पाखरू कुटं दिसतंय. मी म्हणाले मामांजींचं व्हय, बसलंय की अंड्यावर, मामांजीबी तितंच हाईत. साहेब म्हणाला कुणाचं, म्हाताऱ्यानं पाळलंय का काय. मी म्हणाले व्हय, लेकरावानी संभाळत्यात. झालं. सरकारी पाखरू कोंडलंय म्हणाला, नाव सांगा म्हाताऱ्याचं, उचलतो त्याला. मी गप. सासूबाईंकडं वळला, त्याबी गप, नवऱ्याचं नाव कशा घेतील. साहेब म्हणाला समदं घरच सामील हाय, आन ड्रायव्हरला म्हणाला घाल गाडी गवतातनं सरळ. सरळ म्हंजी अंड्यावरनंच की.

तवा सासूबाई उठल्या, पदर नीट केला, जीपम्होरं हुब्या ऱ्हायल्या आन उखाणा घेतला. तो माझ्या तोंडानं येणार न्हाय, नातवाला इचारा.

(नातवानं सांगितला तो असा: माळावरला माळढोक सरकारनं घेतला मागून, माळाप्पाचं नाव घेते जीपगाडी अडवून.)

ड्रायव्हर आमच्याच भागातला, तो पयला हसला, मग त्यानं साहेबाला उलगडून सांगितलं. साहेब खाली उतरला, चालत गेला. मामांजींनी लांबनंच बोट दावलं. पाखरू उठलं न्हाय. मंत्री काय आलेच न्हाईत.

पिल्लू झालं त्या वर्सी. मग तारबी आली, पाखरू आत, मेंढरं भाईर. मी लई बोलले, ज्यांनी जपलं त्यास्नीच भाईर का म्हणून. मामांजी तारेला टेकून बघत ऱ्हायचे, म्हणायचे आपण चारू दुसरीकडं, त्याला दुसरीकडं कुटं हाय. आता तेबी न्हाईत, पाखरूबी लई दिवसांत दिसलं न्हाय. जितं असंल तितं त्याला एक अंडं निवांत घालू दे, आनकी काय मागू.