न केलेली पाहणी

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, तेजलच बोलतेय. दुसरं कोण उचलणार माझा फोन? … नाही गं, झोपले नव्हते. पाच वाजता कोण झोपतं?

बाहेर आहे. सातपूरला. … शिफ्ट सुटलीय ना कंपन्यांची, त्या गाड्यांचा आवाज. … जरा मोठ्यानं बोल. हं.

रविवारी? काय रविवारी? … हो, हो, आपल्या योगेशचा साखरपुडा. आहे लक्षात. … कोणतीही नेसेन गं. … मोरपंखी नेसते. … बरं, मोरपंखी नको. तू सांगशील ती.

… आवाजाला काय झालंय? असाच आहे माझा आवाज. … नाही, घरी भांडण नाही. संतोष बरे आहेत. … अगं ऐक ना, कोणी आजारी नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी आलेय. सृष्टी तिचं नाव. … आले म्हणजे, घरी गेले नाहीये अजून. गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. … माहीत नाही किती वेळ. दोन बस गेल्या समोरून.

चार दिवस झाले, शाळेत आलेली नाही ती. आणि आज तिच्या आजीनं ऑफिसात फोन केला, दाखला द्या म्हणून. … हो, शाळा सोडल्याचा. वर्ष संपायला महिना राहिला असताना. … नाही, फीचं काही नाही. … कोणी मारलंही नाही. ताई, तू मला बोलू देशील का?

… हं. तुला आमच्या शाळेचं ते उपवासकाळाचं सांगितलं होतं ना? ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. … हो, तेच, मुठीचं. प्रत्येक मुलानं रोज घरून मूठभर धान्य आणायचं. गहू, तांदूळ, डाळ, जे असेल ते. वर्गात डबे ठेवलेत. … आपल्याकडे सप्ताहाला गोळा करतात तसंच. फक्त आमच्या मुख्याध्यापिका, सिस्टर, म्हणतात, आईच्या डब्यातली उचलून आणायची नाही. आपण एक पोळी कमी खायची आणि तिची मूठ आणायची. … आता खातात की नाही ते कोण बघतंय? पण सृष्टी खात असणार कमी. ते आता कळतंय.

… ऐक तर. चाळीस दिवसांत एकदा ते धान्य एका घरी नेऊन द्यायचं. चर्चकडे यादी असते, त्यातलं एकेक नाव एकेका वर्गाला येतं. आम्हाला आलं चिमणाबाई म्हणून. गल्ली ही, सातपूर. … नाही, तसंच उठून नाही जायचं. सिस्टरांचा नियम आहे. वर्गाच्या मिसनं आधी एकटीनं जाऊन पाहणी करायची. … गरीब आहेत की नाहीत ते बघायला नाही गं. विचारायला. आमची मुलं आली तर चालेल का तुम्हाला, असं. नको म्हणाल्या तर धान्य गुपचूप पोचवायचं आणि मुलांना काही सांगायचं नाही. … हो ना, चांगलाच नियम आहे. देताना समोरच्याची मान खाली जाता कामा नये, हे सिस्टर दर सोमवारी सांगतात. वर्गात मी सांगते. अकरा वर्षं सांगतेय.

… मी गेले नाही.

… पाहणीला. नाही गेले. आधारचं ऑनलाइन काम होतं, चाचणीचे पेपर होते. … कारणं म्हणून ठीक आहेत गं. कागदावर ‘पाहणी झाली’ असं छापलेलं असतं, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. … मीच. दुसरं कोण?

… कोणालाच नाही माहीत. तुला पहिल्यांदा सांगतेय.

मग काय. शुक्रवारी नेली चौथी ब. बत्तीस मुलं, दोन रांगा. पिशवी सृष्टीच्या हातात दिली. … अगं, कारण एकही दिवस चुकली नव्हती ती. सगळ्यांच्या आधी डब्याजवळ उभी. मान म्हणून दिली पिशवी. म्हटलं, पोरीला बरं वाटेल.

मी आत्ता जिथं उभी आहे ना, इथं आल्यावर म्हणाली, मिस, बूट चावतोय. म्हटलं, आलंच घर. चार पावलं गेली आणि म्हणाली, मिस, पिशवी वेदिकाकडे देऊ का? म्हटलं, असं करतात का, एवढा मान दिलाय तुला…

… हो.

… हो ताई. तिचंच घर. … आजी तिची. आईची आई. … आडनाव वेगळं ना गं, कसं कळणार? आणि आमच्या रजिस्टरला पत्ता अंबडचा. बापाचं काम सुटलं आणि मायलेकी आजीकडे राहायला आल्या, ते शाळेत कोणी सांगितलंच नाही. … हो, माहीत आहे. पाहणीला गेले असते तर दारातच कळलं असतं.

हॅलो? … ऐकू येतंय ना?

… नाही, रडली नाही. कोणीच रडलं नाही. आजी दारात आल्या. त्यांनी पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मागं एकतीस पोरं, गाणं म्हणायला तयार. सृष्टीनं पिशवी पुढं केली, शिकवलं होतं तशी, दोन्ही हातांनी. आणि आजी म्हणाल्या, देव तुझं भलं करील बाय, नाव काय हाय तुझं?

… हो. नातीला. नातीलाच विचारलं.

… ‘सृष्टी’ म्हणाली. आणखी काय म्हणणार?

मग मुलांनी गाणं म्हटलं. दोन कडवी. सृष्टीपण म्हणत होती, सगळ्यांच्या पुढं उभी राहून. … अगं मला कळलं असतं तर थांबवलं नसतं का? मला वाटलं, किती छान पार पडलं. फोटो काढला मी. तिथूनच पालकांच्या ग्रुपवर टाकला. फुलं काय, टाळ्या काय. सृष्टीच्या आईनंपण जोडलेले हात पाठवले. … काढला नंतर. पण पाहायचा तो सगळ्यांनी पाहिला होता ना.

… कळलं परत फिरताना. शेजारची एक बाई भांडी घासत होती. ती म्हणाली, काय गं सृष्टे, आज शाळाच घरी आली व्हय?

मी रांगेच्या शेवटी होते, मी ऐकलं. मुलांचा गलका चालला होता, त्यांनी नाही ऐकलं. सृष्टीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि मी म्हटलं, चला, रांग मोडू नका.

… नाही. एवढंच म्हटलं. तिला जवळ घेतलं नाही, काही नाही. शाळेत येईपर्यंत रांग नीट ठेवली मी.

… काय वाटतंय म्हणजे? काहीच वाटत नाहीये. खरंच सांगते. सकाळी उठते, पोळ्या करते, वह्या तपासते. सगळं होतंय. काल संतोषनी विचारलं, भाजीत मीठ का नाही? मी तीच भाजी खात होते शेजारी बसून. … डॉक्टर कशाला त्यात? … हो, होईन रविवारपर्यंत बरी.

… सिस्टरांना नाही सांगितलं. उद्या त्या स्वतः येणारेत इथं, दाखला का मागितला ते विचारायला. पहिला प्रश्न हाच असणार त्यांचा, आमच्या मिस आधी येऊन गेल्या होत्या का? … नोकरीचं मला नाही माहीत. ओरडणार नाहीत त्या. ओरडल्या तर बरं होईल.

… अगं, नाही गं. नोकरी वाचवायला नाही आले. उद्या हे आजींना सिस्टरांच्या तोंडून कळायला नको. आधी माझ्याकडून कळू दे. … तेच तर, सांगायचं कसं? माफ करा म्हटलं तर त्या म्हणणार, तुमचं काय चुकलं, तुम्ही तर धान्य दिलं. … भीती नाही वाटत. पायच उचलत नाहीये.

… काय? … हो, जेवले. … नाही आठवत काय जेवले.

थांब. … थांब, थांब जरा. … ती येतेय. … सृष्टी. डोक्यावर डबा आहे, दळणाला निघाली असेल. … पाहिलं तिनं मला. … 

… गेली. समोरून गेली ताई. ओळखच नसल्यासारखी. … सृष्टी! … अगं सृष्टी, थांब ना!

… थांबली. माझ्या मागं बघतेय. … नाही बाळा, मागं कोणी नाही. मुलं नाही आणली आज. एकटीच आलेय. … दाखला? नाही गं, दाखला नाही आणला. … काय द्यायला आले? … नाही, काही द्यायला नाही आले. … तुझ्या आजीशी बोलायचं होतं. तू आत जाऊन विचारून ये, मिस आल्यात, घरात आल्या तर चालेल का? … नाही, तू विचार आधी. मी इथंच थांबते. नको म्हणाल्या तर जाईन परत. … हो, डबा ठेव इथं, मी बघते.

… पळाली आत. … आहे, आहे मी ताई. … नाही, रडत नाहीये. … काय माहीत काय म्हणतील…

… आल्या. स्वतःच बाहेर आल्या.

… आजी, नमस्कार. … नाही, बसायचं नंतर. आधी ऐकून घ्या. शुक्रवारच्या आधी मी एकटीनं यायचं होतं, तुम्हाला विचारायला. ते माझं काम होतं. मी आले नाही. आणि शाळेत लिहून दिलं, जाऊन आले म्हणून. … नाही आजी, ऐका. उद्या सिस्टर येतील, त्या विचारतील तुम्हाला, मिस आधी आल्या होत्या का?

… नाही. … नाही आजी, असं नका करू. ‘आल्या होत्या’ असं म्हणू नका. … माझ्यासाठी नका म्हणू. मी आले नव्हते.

… ताई, ठेवते.