घोटे धरायला माणूस

निकोल : एवढंच? संपलं वॉर्मअप, अर्बन अंकल?

अर्बन : मैदानाला दोन फेऱ्या, मग नमो मरियाची प्रार्थना. मी पोरींचा फुटबॉल कोच झाल्यापासून हेच चाललंय.

निकोल : आणि माझा गुडघा गेला त्या दिवशी?

अर्बन : त्या दिवशीपण दोन फेऱ्या झाल्या होत्या.

निकोल : मला धक्का कोणी मारला होता?

अर्बन : कोणीच नाही. बॉलला हेडिंग करायला उडालीस, खाली आलीस आणि बसलीस. नजर लागली, दुसरं काय! तुझ्या मम्मीने मीठ-मिरच्या ओवाळल्या ना.

निकोल : ओवाळल्या. मग ऑपरेशन झालं. अंकल, उतरताना माझा गुडघा आत वळला. सरळ उतरायला शिकवता येतं. उड्या, तोल, मांडीची ताकद. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं.

अर्बन : तासभर मैदान मिळतं गं! नंतर क्रिकेटवाले स्टंप घेऊन उभेच असतात. त्यात पोरी बगळ्यासारख्या एका पायावर, आणि ग्लेनरॉयची ती क्रिकेटची टीम कंपाउंडवर बसून दात काढणार.

निकोल : काढू दे. मम्मीने सांगितलंय, हे सुरू झालं तरच आयव्ही खेळेल.

अर्बन : आयव्ही माझी स्ट्रायकर आहे!

निकोल : माझी बहीण आहे.

अर्बन : हे केलं की गुडघा जाणार नाही, असं लिहून देतेस?

निकोल : नाही. कमी जातात, एवढंच.

अर्बन : तेवढं तर नमो मरियासुद्धा करते.

निकोल : मग ती बंद करा म्हटलं का मी? एका पायावर उभं राहून म्हणा. एकदा उजव्या, एकदा डाव्या.

अर्बन : फादर काय म्हणतील?

निकोल : विचारलं. म्हणाले, निदान त्या निमित्ताने पूर्ण तरी म्हणाल. तुम्ही अर्धी गिळता.

(मैदानावर आयव्ही एकटीच भिंतीवर बॉल मारते आहे.)

अर्बन : मांडीचं काय करायचं असतं?

निकोल : गुडघ्यांवर उभं राहून सावकाश पुढे झुकायचं. मागून कोणीतरी घोटे घट्ट धरायचे. मग अदलाबदल.

अर्बन : सोपं आहे. जोड्या लावतो.

निकोल : पोरी अकरा आहेत, अंकल. एक उरते.

अर्बन : अकरा कशा? बारा होत्या.

निकोल : बारावी मी होते.

अर्बन : ...मग तूच धर ना आयव्हीचे.

निकोल : खाली बसून धरावे लागतात. माझा गुडघा अजून तेवढा वाकत नाही.

अर्बन : माझे गुडघे तर चर्चमध्ये मिस्सालापण टेकत नाहीत. सगळं गावठाण बघतं, मी बाकावर बसून असतो.

निकोल : माहितीये.

अर्बन : आयव्ही! बॉल ठेव आणि इकडे ये. आधी मला खाली बसायला हात दे.